घरां बघूची रवली

मटार सोलता सोलता आई मध्येच म्हणाली, "घरां बघूची रवली ती रवलीच."

कुठली घरं, काय राहिलं, हे विचारायची गरज नव्हती. प्रवासाला तीन महिने होऊन गेले होते. तिथले फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवून झाले होते, त्यावर अंगठे आणि हार्ट येऊन गेले होते, लेकाने तर स्नॉर्केलिंगचा व्हिडिओ दोनदा टाकला होता. आईने तोवर तक्रारीचा एक शब्द काढला नव्हता. "बरा झाला, समुद्र बघलंय," एवढंच. आणि आता असा, मटारच्या शेंगेतून दाणे काढावेत तसा सहज, तो शब्द बाहेर आला. मालवणीत आला, म्हणजे आतून आला. एरवी पन्नास-पंचावन्न वर्षं मुंबईत काढलेली बाई आमच्याशी छापील मराठीत बोलते. मालवणी निघतं ते रागात, आनंदात आणि झोपेत. हे तिन्ही नव्हतं, म्हणून जास्त लागलं. मी शेंगा सोलत राहिले. त्या दिवशी मटारात बऱ्याच अळ्या निघाल्या, तेवढंच बोलायला निमित्त झालं.

प्रवास लेकाच्या पहिल्या बोनसचा. आजीने विमानात बसायला कायम नकार दिलेला. पण "बोटीने जायचंय" म्हटल्यावर ती बॅग भरायलाच लागली. मुंबईहून निघायचं, लक्षद्वीपला अगत्ती बेटावर एक दिवस, परत मुंबई. तिच्या डोक्यात बोट म्हणजे कोकणची बोट. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी, डेकवर चटया अंथरून ट्रंकांना टेकून झोपायची, एका कोपऱ्यात कोंबड्या आणि दुसऱ्या कोपऱ्यात ओकारी. १९६९ साली, लग्न होऊन, ती देवगडहून त्या बोटीने मुंबईला आली. ही बोट मात्र अकरा मजली, आत लिफ्ट, झुंबर, जॅकपॉटची मशिनं. आईने लॉबीत उभं राहून वर पाहिलं आणि विचारलं, "समुद्र कुठे आहे यात?"

संध्याकाळी आम्ही सुटलो. डेकवर गरबा सुरू झाला होता, पलीकडे कुणाचा तरी साठावा वाढदिवस. आई कठड्याला धरून उभी. कुलाब्याच्या टोकाचं प्रॉन्ग्सचं दीपगृह मागे जायला लागलं तसा तिने पदर तोंडावर घेतला. (पदर म्हणजे ओढणी. मी तिला जबरदस्तीने पंजाबी ड्रेस घालायला लावला होता, बोटीवर साडीत पाय अडकेल म्हणून. त्याबद्दल पुढे.) हेच दीपगृह तिने १९६९ साली उलट्या बाजूने पाहिलं होतं. "हा दिसला की बायका वेण्या घालायला घ्यायच्या. मुंबई आली म्हणून." मग खालच्या आवाजात 'रामदास'चा विषय निघाला. तो निघतोच. कोकणातल्या त्या पिढीचं माणूस बोटीवर पाय ठेवतं आणि १७ जुलै १९४७ची गटारी अमावस्या बरोबर घेऊन चढतं. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट, काश्याच्या खडकाजवळ उलटली, सहाशेहून जास्त माणसं गेली. आईचा जन्म त्यानंतरचा, तरी ती ते स्वतः बघितल्यासारखं सांगते. मागे गरब्याचा डीजे वाजत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या टेबलावर खरी परीक्षा. बेटावर काय करायचं? एका गुळगुळीत कागदावर यादी. स्कूबा, स्नॉर्केलिंग, कयाक, काचेच्या तळाची बोट, नुसताच किनारा आणि जेवण, आणि सगळ्यात शेवटी 'व्हिलेज वॉक'. प्रत्येकापुढे बुटाचं चित्र. एक बूट म्हणजे सोपं, तीन बूट म्हणजे गुडघे शाबूत असतील तरच. किमती चार आकडी, माणशी. शेजारच्या टेबलावर बोरिवलीचे एक काका होते, चार क्रूझ झालेले, आणि ते पहिल्या पाच मिनिटांत कळेल अशी व्यवस्था त्यांनी केली होती. पोह्यांवर शेव घालता घालता त्यांनी आम्हाला शाळाच घेतली. पहिल्या रात्रीच बुक करायचं असतं, आता स्कूबा संपलं असणार. जहाजाकडूनच टूर घ्यायची, म्हणजे उशीर झाला तर जहाज थांबतं. स्वतःच्या जबाबदारीवर फिरलात तर हात हलवत किनाऱ्यावर राहाल. "आणि इथे तर परमिटचा मामला, मोकळं फिरता येत नाही." चार तास दिसत असले तरी तास-दीड तास होडीत चढण्या-उतरण्यात जातो, तो धरायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोन गोष्टी घ्यायच्या नाहीत. हावरटपणा केला की एकही धड होत नाही. त्यांची बायको शांतपणे इडली खात होती. काका उठून गेल्यावर ती म्हणाली, "मी दर वेळी बोटीवरच थांबते. सगळे उतरले की स्विमिंग पूल रिकामा असतो."

मला अजूनही वाटतं की सगळ्यात चांगली निवड तिचीच.

काउंटरवर रांग होती. पंचविशीतला, टाय लावलेला मुलगा, सकाळपासून तेच तेच सांगून घसा बसलेला. लेकाने स्वतःसाठी आणि बापासाठी स्नॉर्केलिंग घेतलं, मलाही ओढलं. मग त्या मुलाने आईकडे बघत मला विचारलं, "माताजी के लिए? ग्लास बॉटम बेस्ट रहेगा. बैठ के सब दिख जाता है." आईने ते ऐकलं. ती कागदावर वाकली, चष्मा वर-खाली केला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिला इंग्रजी जेमतेम वाचता येतं, पण 'व्हिलेज' तिला कळतं. मी म्हटलं, "आई, ते नको. चालायला खूप आहे." खोटं होतं. त्याच्यापुढे एकच बूट होता. "आणि त्यात करण्यासारखं काही नाहीये."

"माका काय करूचा नाय," ती म्हणाली. "माका बघूचा आसा."

मुलगा घड्याळ बघत होता. मागची बाई माझ्या खांद्यावरून यादी वाचत होती. मी म्हटलं, "ग्लास बॉटम, वन," आणि कार्ड पुढे केलं.

आता मी ते का केलं हे सांगायला मला अगत्तीहून सरळ सात रस्त्याला यावं लागेल. आमचं बिऱ्हाड तिथल्या एका चाळीत होतं. महालक्ष्मी स्टेशनबाहेरच्या पुलावरून रोजची ये-जा. त्या पुलावरून धोबीघाट दिसतो, १८९०च्या सुमाराचा, सिमेंटच्या हौदांची ती जाळी आणि वर दोऱ्यांवर चादरी, हॉटेलांचे टॉवेल, हॉस्पिटलांचे हिरवे कपडे. आमच्यासाठी तो कपडे आपटल्याचा आवाज आणि साबणाच्या सोड्याचा वास, बस. पण बॅलार्ड पियरला परदेशी बोट लागली की तिथे बसेस यायच्या. गोरी माणसं उतरायची, टोप्या, गळ्यात कॅमेरे, नाकाला रुमाल. गेटवे, मणिभवन, हँगिंग गार्डन, धोबीघाट, वेळ उरला तर क्रॉफर्ड मार्केट, असा त्यांचा दिवस. तेव्हा मला माहीत नव्हतं की कुठल्यातरी बोटीवर, कुठल्यातरी नाश्त्याच्या टेबलावर, आम्हीही अशाच एका कागदावर होतो. पुढे बूट एक. मुंबई बेट आहे हे आपण भूगोलात शिकतो आणि लोकलमध्ये विसरतो. त्यांना ते लख्ख माहीत असणार, समुद्रातून येत होते ना.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. रेशनच्या पिशव्या घेऊन आम्ही दोघी पुलावरून येत होतो, माझ्या पिशवीतून रॉकेलचा वास येत होता आणि तो आपल्याला येतोय तसा सगळ्यांना येतोय याची मला लाज वाटत होती. एका गोऱ्या बाईने धोबीघाटाचे फोटो काढले, वळली, आणि कॅमेरा आमच्याकडे धरला. मी आईच्या मागे लपले. आईने पिशवी खाली ठेवली, पदर सारखा केला, आणि सरळ उभी राहिली. हसली. एवढंच नाही, त्या बाईला हाताने विचारलं, मुलं किती? बाईने तीन बोटं दाखवली. आईने एक दाखवलं आणि मला पुढे ओढलं. मी चिडून रडायला लागले. घरी येईपर्यंत भांडले: आपण काय राणीच्या बागेतले आहोत का? आईला माझं भांडण कळलंच नाही. "लांबसून इली हा ती. बघांदे."

मला ते कधीच पचलं नाही. पुढे मी शिकले, नोकरीला लागले, कुणी धारावीची टूर घेतली म्हणून सांगितलं की माझ्या कपाळावर आठी यायची. डबेवाले चर्चगेटला डबे लावत असताना चौफेर मोबाइल धरून उभे असलेले पाहुणे दिसले की मी मान वळवते. दुसऱ्याच्या दारात जाऊन त्याची चूल बघायची नाही, हा माझा एक नियमच झाला, आणि नियम असला की माणसाला आपण चांगले आहोत असं वाटतं. त्या नियमाने मी 'व्हिलेज वॉक'वर काट मारली. आईच्या गुडघ्यांचं नाव घेतलं.

बेटाच्या दिवशी पहाटेपासून जहाज उभं. खोल पाण्यात, प्रवाळाच्या भिंतीबाहेर. आत जाणार फक्त छोट्या होड्या. आम्हाला थिएटरमध्ये बसवलं आणि छातीवर लावायला गोल स्टिकर दिले. आमचा नंबर १४. लाल रंगाचा. नंबर पुकारतील तसं खाली जायचं, जहाजाच्या पोटात एक दार उघडतं, तिथून होडीत. दार उघडलं आणि डिझेलचा, ओल्या दोराचा आणि माशांचा असा मिळून एक वास आत आला, आणि आईचा चेहराच बदलला.

देवगडला बोट बंदराबाहेर थांबायची. पडाव यायचे तिला भिडायला. लाटेवर पडाव वर येतो, खाली जातो, आणि खलाशी ओरडतो "आता!", त्या क्षणी पाय टाकायचा. आधी टाकला तर पडावाच्या फळीवर नडगी फुटते, नंतर टाकला तर समुद्रात. मुलं हातोहात, पेट्या दोराने, म्हाताऱ्या खलाशाच्या पाठीवर. हे मी शंभरदा ऐकलेलं. अगत्तीला काय झालं, तर आमच्या पुढचे दोन तरुण, जिमचे दंडवाले, त्या दारात अडकून पडले. होडी वर-खाली होत होती, खलाशी हात पुढे करत होता, ते पाय पुढे करत आणि मागे घेत. मागून आई म्हणाली, "सरा बाजूला." पंचाहत्तर वर्षांची बाई. पंजाबी ड्रेसचा पायजमा तिने दोन्ही हातांनी वर धरला, लाटेकडे बघितलं, एक सोडली, दुसरी सोडली, तिसरीला पाय टाकला आणि खलाशाचा हात न धरता खाली जाऊन बसली. तो मुलगा बेटावरचाच, काळासावळा, डोक्याला पंचा गुंडाळलेला. त्याने आपल्या जोडीदाराला काहीतरी सांगितलं आणि दोघं मोठ्याने हसले, कौतुकाने. बोट लागली ती मला. आईने पिशवीतून आवळासुपारी काढून दिली.

प्रवाळाच्या भिंतीत एक खिंड आहे, तिच्यातून होडी आत शिरली आणि पाण्याचा रंग चाकूने कापल्यासारखा बदलला. बाहेर काळं-निळं, आत काचेच्या बांगडीचा हिरवा. होडीचा आवाजसुद्धा बदलतो. बाहेर पाणी होडीला मारत असतं, आत ते तिच्याखालून सरकतं. बेट लांबुडकं, साधारण सात किलोमीटर, रुंदी अशी की एका बाजूला उभं राहून दुसऱ्या बाजूचा समुद्र ऐकू यावा, आणि एका टोकाला विमानाची धावपट्टी, संपते तिथे पाणीच. सगळीकडे माड. कोकणातल्या माणसाला माडांचं काय कौतुक, असं मला वाटलं होतं. पण आई वर बघतच नव्हती. ती खाली बघत होती. वाकून तिने मूठभर वाळू घेतली, बोटांत चोळली, आणि मला दाखवली. पांढरी, खरखरीत, मधे प्रवाळाचे हाडांसारखे तुकडे. "ह्यात माड उभे कशे ऱ्हवतत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि लाइफ जॅकेट घालायला बोलावत होते.

स्नॉर्केलिंगबद्दल फार लिहीत नाही. नळीतून श्वास घ्यायला शिकेपर्यंत अर्धा वेळ गेला आणि दोन घोट समुद्र पोटात. मासे होते, पिवळे, निळे, टाचणीएवढे आणि परातीएवढे. प्रवाळ बऱ्याच ठिकाणी राखाडी, मेलेलं. पाणी तापलं की प्रवाळ पांढरं पडतं. १९९८ साली इथे मोठा फटका बसला, मग २०१० आणि २०१६ मध्ये पुन्हा. सोबतचा मुलगा बोटाने जिवंत तुकडे दाखवत होता, जांभळट, आणि आम्ही हात लावू नये म्हणून बोट हलवत होता. लेक पाण्याखालून अंगठे दाखवत होता. मी त्याच्याकडे बघून हसले आणि तिसरा घोट आत गेला.

परत आले तेव्हा आई तिच्या खुर्चीवर नव्हती. काचेच्या तळाची बोट वीस मिनिटांत परत आली होती. "खाली बघून मान दुखली, आणि काच धुरकट," हा तिचा अभिप्राय. पाहुण्यांसाठीच्या जागेभोवती नायलॉनची निळी दोरी बांधली होती, माडापासून माडापर्यंत. त्या दोरीला हात लावून ती उभी होती, पाठमोरी. पलीकडे सिमेंटचा अरुंद रस्ता. शाळेचा गणवेश घातलेली दोन मुलं सायकलवरून गेली. स्कूटरवर एक बाई, डोक्यावरून ओढणी, पुढे पायाशी भाजीची पिशवी. प्रवाळाच्या दगडाची एक बुटकी भिंत, तिच्या आड कौलं, आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे. माझी आई दुसऱ्याच्या दोरीवरचे कपडे बघत उभी होती. ही दोरी आणि ती दोरी. राखण करणाऱ्या पोराला ती विहीर कुठे ते विचारत होती, "बाव खंय आसा? बाव? पाणी?" त्याने धावत जाऊन तिला बाटलीबंद पाणी आणून दिलं.

"चल ना मग, आता घेऊ ती टूर," मी म्हटलं. पाणी टपकत होतं माझ्या अंगातून. पण व्हिलेज वॉकची तुकडी केव्हाच जाऊन आली होती. ती माणसं जेवत होती. त्यात काकाही होते, बोरिवलीचे. "काही नाही हो," त्यांनी सांगितलं, "मशीद, शाळा, विहीर. पंधरा मिनिटांत आटोपलं. एका घरात चहा दिला." मी आईकडे बघितलं नाही. जेवणात ट्यूना होता आणि नारळाच्या निरेपासून केलेला काळपट, पातळ गूळ. आईने बोटावर घेऊन चाटला, "काकवीच," म्हणाली, "पण धुराची," आणि एक बाटली विकत घेतली.

मुंबईत परतल्यावर, मनाला टोचत असल्यामुळेच, मी वाचत बसले. या बेटांचं गोडं पाणी म्हणजे वाळूत मुरलेला पाऊस. तो समुद्राच्या जड पाण्यावर तरंगत राहतो, भातावर तूप तरंगावं तसा पातळ थर. विहीर उथळच खणायची. जास्त उपसा केला की खालून खारं वर येतं. म्हणून कवरत्तीला २००५ साली समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करणारा प्रकल्प सुरू झाला, दिवसाला एक लाख लिटर: वरचं कोमट पाणी कमी दाबाखाली वाफ करायचं आणि शेकडो मीटर खोलीवरून ओढलेल्या गार पाण्याने ती वाफ थंड करायची. २०११ मध्ये अगत्तीला आणि मिनिकॉयलाही तसेच झाले. आणि घरं तिथे परंपरेने आईच्या वंशाची. नवरा बायकोच्या घरी येतो. मी हे सगळं आईला वाचून दाखवलं. पाण्याचं तिने लक्ष देऊन ऐकलं. तिच्या माहेरची विहीर खाडीच्या पाण्याने खारट झाली होती, त्याचं दुःख ती अजून करते. घरांचं ऐकून म्हणाली, "म्हणजे ती स्कूटरवाली आपल्याच घराक जाय होती." थोडा वेळ गेला. "ह्या तू माका थंय विचारून घेतलं असतंस."

मटारचा दिवस त्यानंतरचा.

त्या रविवारी मी तिला घेऊन गेटवेला गेले. दुसरं जवळचं बेट मला सुचेना. घारापुरी. मुंबईत जन्म काढून मी तिथे दोनदा गेलेय, दोन्ही वेळा शाळेच्या सहलीत. आई एकदाही नाही. लाँचला तासभर. या वेळी ती साडीतच होती आणि मी काही बोलले नाही. धक्क्यावरून छोटी गाडी, मग एकशेवीस पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं, माकडं. खुर्चीत बसवून वर नेणारे मागे लागले. आईने वर बघितलं, हिशेब केला, आणि बसकण मारली. "देव मी फोटोत बघितलाय. तू जाऊन ये." एवढा मोठा सदाशिव, १९८७ पासून जागतिक वारशात, आणि आई त्याला खालूनच नमस्कार करून मोकळी. मी वर गेले नाही. चार तासांत दोन गोष्टी करायच्या नसतात.

पायऱ्यांच्या तळाशी एक बाई उभी होती, माझ्याच वयाची. चापूनचोपून नऊवारी, नाकात नथ, डोक्यावर चकचकीत पितळी हंडा-कळशीची उतरंड. या तिथे असतातच. पाहुण्यांनी फोटो काढावा, पैसे द्यावेत. माझी मान सवयीने वळलीच. आई सरळ तिच्यापाशी गेली.

"कळशी रिकामी गे?"

बाई गोंधळली, मग हसायला लागली. रिकामीच, काकी. भरून कोण उभं राहणार दिवसभर? मग दोघी एका दुकानाच्या फळीवर टेकल्या. कळशी खाली आली, तिच्यावर बाईने ओल्या कापडातल्या कैऱ्या ठेवल्या. शेतबंदरला घर, सासर इथलंच, माहेर उरणकडे. मुलगा उलव्याला कामाला. वीज आली २०१८ला, समुद्राखालून केबल टाकून. त्याआधी संध्याकाळी थोडा वेळ जनरेटर. टीव्हीवर मालिका निम्म्यात जायची. आता फ्रीज आहे, लिंबूपाणी गार विकता येतं. आईने विहिरीचं विचारलं, उन्हाळ्यात किती टिकते, खारट होते का, चूल की गॅस, सून कशी आहे. सुनेला बराच वेळ लागला. मग बाईने विचारलं, "तुमच्याकडं पानी किती वाजता येतं?"

"पहाटे साडेचारला," आई म्हणाली. "पाऊण तास."

"अगं बाई," ती बाई म्हणाली, खरंच वाईट वाटून. "मुंबईत असून?"

तेवढ्यात लाँचमधून एक घोळका आला. चार-पाच परदेशी पाहुणे, छातीवर गोल स्टिकर, पुढे झेंडा धरलेला गाइड. त्यातल्या एका म्हाताऱ्याने कॅमेरा वर करून भुवया उंचावल्या. बाई उठली, कैऱ्या बाजूला, उतरंड डोक्यावर, आणि एक हात लांब करून तिने आईला शेजारी ओढलं. आईने पदर सारखा केला. सरळ उभी राहिली. धाकटी कळशी तिने कमरेवर घेतली, अशी सराईतपणे की सात रस्त्याची, त्याच्याही मागची देवगडची बाव मला दिसली. मग त्या म्हाताऱ्याला हाताने विचारलं, मुलं किती?

म्हाताऱ्याने दोन बोटं दाखवली आणि शंभराची नोट पुढे केली. बाईने ती कनवटीला लावली. कनवटीतूनच पन्नासची काढून आईच्या हातावर ठेवली.

मी पुढे झाले, "अहो, नको, राहू द्या," म्हणत. आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने नोटेची नीट घडी घातली आणि बटव्यात ठेवली.